साबणाचे दात

सकाळी नऊ वाजता आम्ही दहा-बारा जण ओपीडीच्या दाराशी दोन्ही हात पुढे करून रांगेत उभे राहायचो आणि साळवे मॅडम एकेकाचे हात बघत जायच्या. आधी पालथे, मग उताणे. आम्ही बावीस-तेवीस वर्षांचे घोडे, गावाकडे लोक आम्हाला डॉक्टर म्हणायला लागलेले, आणि इथे बालवाडीतल्या पोरांसारखी नखे तपासून घ्यायची. नवीन आलेल्यांना वाटायचे, बाईंना स्वच्छतेचे वेड आहे. पण मॅडम नखांवर फारशा थांबत नसत. हात बघून झाले की "जा" म्हणायच्या. कधीतरी एखाद्याला म्हणायच्या, "तू आज दात काढू नकोस. फायली लाव." का, ते सांगायच्या नाहीत. तो बिचारा दिवसभर मॅडमच्या नावाने बोटे मोडत फायली लावायचा, आणि संध्याकाळी चहा पिताना आपण होऊन सांगून टाकायचा की घरी वडिलांशी वाजले आहे, दोन दिवस नीट जेवलेलो नाही.

मॅडमवर लिहायचे मी बरीच वर्षे टाळले. आपल्याला त्या नीट कळल्या आहेत असे मला कधी वाटलेच नाही. आज तरी कळल्यात का, असे कुणी विचारले तर मी विषय बदलेन. पण त्यांचे ते हात बघणे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मॅडम बुटक्या, सावळ्या. सुती साडी, तिच्यावर पांढरा कोट, आणि पायात पुरुषी वाटावेत असे काळे कॅनव्हासचे बूट. आमच्या कॉलेजात कवळ्या आणि दात बसवायचे शिकवायच्या. हत्याराला धार आहे का हे त्या स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून बघत, त्यामुळे त्या नखावर कायम बारीक चरे असायचे. डबा साडेबारालाच, खोलीचे दार सताड उघडे ठेवून. भाकरी, ठेचा, कांदा. वर्गात बोलायच्या ते अगदी पुस्तकातले मराठी आणि इंग्रजी, पण राग आला किंवा जीव कळवळला की गंगापूरकडची बोली बाहेर यायची. "लई शहाणी झालीस व्हय?" असे ऐकू आले की आम्हाला बरे वाटायचे. शुद्ध मराठीत रागावल्या की मात्र खरी भीती वाटायची.

गंगापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर त्यांचे बालपण गेले. त्यांच्या घरात दाताचा डॉक्टर सोडा, दात घासायचा ब्रशही त्यांच्याआधी कुणी आणला नव्हता, असे त्या स्वतःच हसून सांगत. खोलीत टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि त्याच्या शेजारी प्लास्टरमध्ये काढलेला एका बोळक्या तोंडाचा साचा. तो त्यांच्या आईच्या जबड्याचा. शिकत असताना मॅडमनी पहिली कवळी केली ती आईची. आईने ती चार दिवस लावली, मग फडक्यात बांधून देवघरासारखी कोनाड्यात ठेवून दिली, आणि मरेपर्यंत भाकरी दुधात कुस्करूनच खाल्ली. मॅडम ही गोष्ट दर वर्षी नव्या मुलांना सांगत आणि शेवटी विचारत, "कवळी चुकली होती का?" आम्ही गोंधळून एकमेकांकडे बघायचो. उत्तर त्यांनी कधीच दिले नाही.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती माझ्या डाव्या हातामुळे. दाताच्या दवाखान्यातली खुर्ची, तबक, दिवा, सगळे उजव्या हाताच्या माणसांनी उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेले असते. तिसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा खुर्चीपाशी उभी राहिले तेव्हा माझा हात तबकापर्यंतच पोचेना. एक सर सरळ म्हणाले, उजव्या हाताची सवय कर, नाहीतर हा धंदा तुझ्या कामाचा नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. परत आले तर मॅडम तबक ओढून खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला नेत होत्या. मग त्या स्वतः डाव्या हातात चाकू घेऊन तासभर मेणाचा दात कोरत बसल्या. का, तर डावरीला कुठे अडते ते कळायला हवे. त्यात त्यांनी स्वतःचे बोट कापून घेतले. बोटाला कापूस गुंडाळत म्हणाल्या, "तुझी रेघ आतून बाहेर येते. बाकीच्यांची बाहेरून आत जाते. एवढंच हाय. भिऊ नको." तेव्हापासून त्या मला नावाने हाक मारीत नसत. मी त्यांची 'डावरी'.

त्या सुमाराची दोन-तीन वर्षे पावसाने पाठ फिरवलेली होती. शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होते. रोज नवी कमान, नवा फलक, नव्या वसाहतीचे नाव, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. कॉलेजच्या आवारात टँकर यायचा तेव्हा परीक्षा सोडून पोरे बादल्या घेऊन पळायची. पण दाताचे यंत्र पाण्यावर चालते, पाण्याशिवाय ते फिरवले तर दात भाजतो. मॅडमनी नियम केला की एका पेशंटला चूळ भरायला अर्धा पेला. मोजून. एकदा एका आजोबांनी पेला तोंडाला लावला आणि पिऊन टाकला. चूळ भरलीच नाही. खेड्यावरून निघाले होते पहाटे, तहान लागली होती. मी दुसरा पेला द्यावा की नाही म्हणून मॅडमकडे बघत राहिले. मॅडमनी आपली बाटली उघडून त्यांना दिली आणि मला म्हणाल्या की त्यांचे हात बघ, ओठ काय बघतेस. आजोबांच्या हातांची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहत होती.

त्याच दिवशी त्यांनी सांगितले की लहानपणी दुष्काळात त्यांची आई रोजगार हमीवर खडी फोडायची. घरी आल्यावर ती काही बोलत नसे. आज काम मिळाले की नाही, मुकादम काय बोलला, तिचा जीव कसा आहे, हे पोरीला तिच्या हातांवरूनच समजून घ्यावे लागे. "तोंडानं माणूस काय बी सांगतं," मॅडम म्हणाल्या. माझी आई तोंडाने सगळेच सांगते, त्यामुळे मला हे तेव्हा तितकेसे पटले नव्हते.

मग आम्ही परीक्षा पास झालो, इंटर्नशिप लागली, आणि ती महामारी आली.

ज्यांनी तो काळ दाताच्या दवाखान्यात काढला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. पाच वर्षे आम्ही एकच विद्या शिकलो होतो, माणसाच्या उघड्या तोंडाशी वाकून काम करायचे. आणि आता सगळे जग सांगत होते की जे काही आहे ते त्या तोंडातूनच येते. ओपीडी बंद झाली. खुर्च्यांवर प्लास्टिक चढले. आम्हा इंटर्नना पाळीपाळीने घशातले नमुने घ्यायच्या कामाला लावले, कारण 'आ' करायला लावणे आम्हालाच येत होते. बाकीचे दिवस घरी बसायचे. इंटर्नशिप कधी संपणार, पुढची परीक्षा होणार का, हाताने शिकलेले हातात राहणार का, कुणालाच काही माहीत नव्हते. मी तर दुपारी आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच दाढा मोजायची.

कॉलेजने पत्रक काढले की मुलांचे मनःस्वास्थ्य जपायचे आहे. प्रत्येक शिक्षकाकडे आठ मुले. दहा प्रश्नांचा फॉर्म, दर सोमवारी भरायचा. झोप येते का, भूक लागते का, उदास वाटते का. आम्ही कसले, पाच वर्षे एकमेकांच्या वह्या उतरवून काढलेले. एकाने भरला, बाकी सात जणांनी तोच उतरवला. मॅडमनी व्हिडिओवर आम्हा आठ जणांना समोर घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांना एकाच दिवशी, सारखीच भूक लागती व्हय?" आणि तो फॉर्म त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही.

त्याऐवजी त्यांनी जे काढले ते ऐकून आम्हाला वाटले, बाईंचे डोके फिरले. रोज सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर यायचे आणि दोन्ही हात दाखवायचे, पालथे आणि उताणे. आणि रोज एक दात कोरायचा. मेण मिळत नाही, तर साबणाचा. बारा वाजायच्या आत फोटो मॅडमना पाठवायचा. सोमवारी सुळा, मंगळवारी उपदाढ, असा आठवडा लावून दिला होता. पहिल्या वर्षाच्या पोरांचे काम हे, आणि आम्ही डॉक्टर झालेले.

माझ्या घरी तर यावरून रामायण झाले. घराण्यात तीन पिढ्या कारकुनी, आई हिशेबी आणि त्यातून सोवळ्याची. सगळे जग हात धुवायला साबण शोधत आहे आणि ही बया त्याच्या दाढा पाडते, असे ती गॅलरीतून शेजारणीला सांगायची. चुरा ती बरणीत भरून ठेवायची आणि त्याने फरशी पुसायची. पण खरे सांगते, त्या दिवसांत दिवसातला तेवढा एकच तास असा होता की मला आपण कुठे आहोत हे कळत असे.

आता निखतबद्दल. आम्ही पाच वर्षे एका बाकावर. ती शहागंजची, वडिलांचे कापडाचे दुकान, घरात दहा माणसे आणि आवाज वीस जणांचा. निखत हसायला लागली की अख्ख्या लॅबचे काम थांबायचे. दात कोरण्यात ती आमच्यात सगळ्यात तयार. नमुने घ्यायच्या कामावर ती आणि मी एकाच पाळीत होतो. ते काम संपल्यावर आठवड्याभरात तिची दादी आजारी पडली आणि दवाखान्यात नेल्यावर चौथ्या दिवशी गेली. त्यांची गल्ली पत्रे लावून बंद केली होती. मला बातमी मोबाइलवर कळली. मी हात जोडलेले चित्र पाठवले.

दोन दिवसांनी तिचा निरोप आला: "मेरा दात तू कर दे ना यार. मेरेसे नै होरा."

मी लिहिले, हो, त्यात काय. आणि तिसऱ्या वर्षापासून हजेरीला एकमेकींच्या नावाने 'येस सर' म्हणणाऱ्या आम्ही, दातांचीही हजेरी लावू लागलो. मी रोज दोन दात कोरायची. एक माझा, डाव्या हाताने. दुसरा निखतचा, उजव्या हाताने. मॅडमना माझी रेघ ओळखू येईल ही धास्ती. उजव्या हाताने कोरलेली ती दाढ म्हणजे शेंगदाण्याचा लाडू. फोटो निखतला पाठवायचा, माझ्या फोनवर दोन निळ्या खुणा उमटायच्या, आणि ती तो मॅडमना पुढे धाडायची. अकराच्या व्हिडिओवर तिची चौकट काळी असायची. गल्लीत नेटवर्क नाही, असे ती लिहायची, आणि ते सगळ्यांना खरे वाटायचे.

मला पहिला धक्का बसला तो मॅडमच्या शेऱ्यांचा. माझ्या डाव्या हाताच्या, जीव ओतून केलेल्या दाताला त्या लिहायच्या, "घाई झाली." आणि निखतच्या त्या लाडवाला, "चाललंय. थांबू नको." मला हसावे की रागवावे कळेना. पाच वर्षे जिच्या कामाचे सगळ्यात जास्त कौतुक झाले तिची दाढ अशी कशी, हा प्रश्न बाईंना पडत कसा नाही? की भीतीने सगळ्यांचेच हात असे झालेत, असे त्या धरून चालल्या होत्या?

असे तीन आठवडे चालले. तेवढ्या दिवसांत मी निखतला एकदाही फोन केला नाही. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. करावासा वाटायचा, पण दादीबद्दल काय बोलायचे ते सुचायचे नाही, आणि मग मी तिच्यासाठी दात कोरायला बसायची. कोरून झाला की वाटायचे, आपण तिच्यासाठी केले काहीतरी.

मग मला ताप आला. दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही, ना माझा दात झाला ना तिचा. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. तब्येत विचारली, तपासणी केली का विचारले. मग म्हणाल्या, "तुला ताप हाय, समजलं. निखतला काय झालं?"

मी काहीतरी पुटपुटले. तिलाही बरे नसेल, म्हणाले.

"तू तिच्याशी शेवटचं कधी बोललीस?"

मी दिवस मोजू लागले. मग त्यांनी तिच्या घराचा पत्ता विचारला, अगदी शुद्ध मराठीत, आणि फोन ठेवला.

पुढचे मला निखतने वर्षभराने सांगितले. मॅडम त्याच दुपारी शहागंजला गेल्या. ओळखपत्र दाखवून पत्र्यांच्या आत शिरल्या. निखत गच्चीवरच्या खोलीत होती. बारा दिवस ती खाली उतरली नव्हती. जेवणाचे ताट दाराशी ठेवायचे आणि निघून जायचे, असे तिने घरच्यांना बजावले होते. दिवसभर ती हात धुवायची. गल्लीला आठवड्याने पाणी, घरातले लोक पिण्यापुरते राखून बाकी सगळे वर तिला देत होते, आणि कुणाला काही बोलायची हिंमत नव्हती. हातांची सालटी निघाली होती. "उन दिनों में मैं गच्ची के कठड्याकू देखती बैठती थी," ती म्हणाली, "बस. इससे आगे मत पूछ." मी पुढे विचारले नाही.

मॅडमनी गच्चीत प्लास्टिकची खुर्ची ओढली, दारापासून चार हात लांब. दादीबद्दल एक शब्द काढला नाही. हात दाखव असेही म्हणाल्या नाहीत. आपल्या गालावर हात ठेवून म्हणाल्या की दाढेतले सिमेंट पडले आहे, रात्रभर ठणकते आहे, शहरात एक दवाखाना उघडा नाही, तर तू जरा बघ.

निखत म्हणाली, "मॅडम, मैं हाथ नै लगा सकती. मेरे हाथों से दादी को हुआ."

कुणीही दुसरे असते तर म्हणाले असते, नाही गं, तुझा काय दोष. तिच्या घरचे रोज तेच म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "असंल. नसंल बी. ते तुला कळणार नाय, आन् मला बी नाय. माझी दाढ दुखती, तेवढं मला कळतंय."

आणि बसून राहिल्या. दोन तास. मग उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा गाल धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून आरसा, चिमटा, सिमेंटची डबी आणि हातमोजे काढून दोघींच्या मध्ये जमिनीवर मांडले, मास्क उतरवला, आणि मान मागे टाकून तोंड उघडले. त्या काळात. साठीला टेकलेल्या बाईने, पत्रे लावलेल्या गल्लीत.

"कितनी देर मुँह खोलके बैठेंगे, बोलके मैं उठी," निखत मला म्हणाली. मोजे घालताना तिच्या हातातून रक्त येत होते. मोबाइलच्या उजेडात तिने दाढ साफ केली, सिमेंट भरले, वर अंगठा दाबून धरला. मॅडमचा श्वास बोटांना लागत होता. सिमेंट वाळेपर्यंत हलायचे नाही, हा नियम पहिल्या वर्षापासूनचा, म्हणून ती हलली नाही, आणि तसेच उभ्याने रडत राहिली.

काम झाल्यावर मॅडमनी तोंड पुसले, जीभ फिरवून पाहिले, आणि सांगितले की भरणे उंच झाले आहे, घासावे लागेल. मग खाली जाऊन निखतच्या अब्बांशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि पुढचे कितीतरी महिने औषध चालू आहे ना, हे दर शनिवारी विचारत राहिल्या. निखत जगली, शिकली, खुर्चीपाशी परत उभी राहिली, ते यामुळे. मला यात काही शंका नाही.

शंका दुसरीच आहे. हे सगळे सांगून झाल्यावर निखत म्हणाली, "एक बात बोलूँ? उस दाढ के खड्डे के किनारे एकदम साफ थे. सिमेंट अपने आप गिरता तो ऐसा नै गिरता. किसीने निकाला था." मॅडमनी स्वतःची चांगली दाढ स्वतःच उकरली होती? की निखतला तसे वाटले? मॅडमना विचारायची छाती दोघींपैकी एकीलाही झाली नाही.

कॉलेज उघडले. साबणाचे दात मॅडमनी सगळ्यांकडून मागून घेतले आणि बुटांच्या खोक्यात भरून नेले. निखतच्या नावाचे दात मी आधीच गुपचूप तिच्याकडे पोचवले होते. मी रोज वाट बघायची की आता मला बोलावतील, आता सोलून काढतील. माझ्या इंटर्नशिपच्या कागदावर सही करताना त्यांनी मान वर केली तेव्हा मला वाटले, आलेच. त्या म्हणाल्या, "नाव नीट वाचून घे, क्लार्क चुका करतात." आणि कागद पुढे सरकवला. त्यांनी मला झापले असते तर मी सुटले असते. त्यांना माझी लबाडी कळली होती की नव्हती, तेच मला समजेना.

यालाही आता काही वर्षे झाली. शहराचे नाव बदलले, शहर पुढे सरकले. मी पडेगावला दवाखाना टाकला. दौलताबादच्या रस्त्याला जिथे ज्वारी उभी असायची तिथे आता चार-चार मजली इमारती आहेत आणि दाराशी पाण्याचे टँकर. त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मॅडम राहायला आल्याचे मला उशिरा कळले. मुदतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली होती. गुडघे दुखतात, असे कारण दिले होते म्हणे.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले ते निखतचे निमंत्रण घेऊन. तिने स्वतःचा दवाखाना थाटला आहे, आणि पहिला पेशंट म्हणून मॅडमनीच खुर्चीत बसायला हवे असा तिचा हट्ट. दार लोटलेलेच होते. मॅडम कॉटवर बसल्या होत्या, अंगाभोवती पदर घट्ट लपेटून. वाळल्या होत्या, पण आवाज तोच. "ये डावरे," म्हणाल्या. "चहा तूच कर. मला कंटाळा आलाय." मी चहा केला. पत्रिका पुढे केली तर म्हणाल्या, "चष्मा कुठं शोधू, तूच वाच." मी वाचली. निखतच्या नावापुढची पदवी त्यांनी दोनदा वाचून घेतली आणि डोळे मिटून हसल्या.

मी हात धुवायला बेसिनपाशी गेले, तर साबणाच्या डबीत एक दाढ पडलेली. वापरून वापरून अर्धी झिजलेली, पण मी ओळखली. शेंगदाण्याचा लाडू. माझ्या उजव्या हाताची.

मी तशीच ओल्या हातांनी बाहेर आले आणि इतकी वर्षे न विचारलेले विचारून टाकले. निखतच्या नावाने मी कोरत होते, हे तुम्हाला कधी कळले?

"पहिल्याच दिवशी," मॅडम म्हणाल्या. "उजव्या हातात चाकू धरलास तरी रेघ आतून बाहेरच येत होती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. मग म्हणाल्या, "मला वाटलं, रोज तिचा दात करतीस म्हंजी रोज तिच्याशी बोलत असशील. तिच्यापाशी तू हायस, असं मी धरून चालले. चुकलं माझं. तुझा दात बघत बसले, तिला फोन लावला नाय."

मी म्हणाले की मलाही वाटत होते, तुम्ही बघताच आहात. चूक त्यांनी स्वतःकडे घेतली, पण त्यातला माझा वाटा मला स्वच्छ दिसला, आणि फार वाईट वाटले. त्यांनी मला माफ केले होते, की माफ करायचे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही. दाढेचे विचारायचे राहूनच गेले. मी निरोप घेतला. "परत ये," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.

दोन मजले उतरून मी थांबले. मॅडमनी चहाला हात लावला नव्हता. पत्रिका हातात घेतली नव्हती. दोन तास मी त्यांच्यासमोर होते आणि त्या दोन तासांत त्यांचे हात मला एकदाही दिसले नव्हते. घरी जाऊन एखादा निरोप पाठवावा, काळजी घ्या म्हणून, असे खरेच माझ्या मनात आले. मग मी मागे वळले आणि जिना चढले.

दार अजून लोटलेलेच होते. मॅडम उठून दारापर्यंत आल्या होत्या.

"काय विसरलं?" त्यांनी विचारले.

मी म्हणाले, "हात दाखवा, मॅडम."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रांगेत उभ्या असलेल्या नव्या पोरीसारख्या. मग पदर सैल करून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे. उजवा हात थांबत नव्हता, लटलट कापत होता. मी तो दोन्ही हातांत धरला, आणि किती दिवसांपासून आहे हे, असे विचारले.